एकेरी तिकीट मिळत नाही

डोंगरावर नेणारा पाळणा आहे, डोंगरावर चालायला वाट आहे, पण पाळण्याने वर गेलेल्या माणसाने त्या वाटेला पाय लावायचा नाही, असा नियम कुणी केला असेल हे मला जळगावात बसून सुचलंही नव्हतं. आम्हाला परत येऊन महिना झाला. भेटेल तो विचारतो, "काय मग, थंड हवा खाऊन आलात?" मी हो म्हणते आणि विषय बदलते, कारण खरं सांगायला बसलं की माझा आवाज चढतो आणि समोरच्याचा चहा निवतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. त्या गावाचं नाव लिहिणार नाही. गढवालातलं आहे, एवढं पुरे. गावाने आमचं काही वाईट केलं नाही. केलं ते एका खिडकीने, आणि थोडंसं मी.

पिंप्राळा

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. वय अठ्ठावन्न. सावद्याच्या पुढे त्यांची केळीची शेती आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शेत मुलगा प्रल्हाद बघतो, पण तो बघतो मोटरसायकलवरून. ठिबकच्या नळ्या कुठे तुंबल्या, कुठल्या झाडाला पाणी पोचत नाही, हे पायी फिरून शोधायचं काम अक्कांचं. रोज सकाळी दोन तास त्या बागेत चालतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना जिना चढताना दम लागला, म्हणून आम्ही जळगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "सपाटीवर हवं तेवढं चाला. चढ मात्र नको."

"आणि उतार?" मी विचारलं.

"उताराने दम लागत नाही, गुडघे दुखतात. पण उतरलेल्या माणसाला कधीतरी चढावं लागतंच."

तेव्हापासून घरात अक्कांची काचेची बरणी झाली. गच्चीवर जायचं नाही, विहिरीकडच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, देवीच्या गडावर सगळे गेले की अक्का खाली चपला सांभाळत बसणार.  फेब्रुवारीत आमच्याकडे, जळगावच्या पिंप्राळ्यात, चार दिवस राहायला आल्या होत्या, तेव्हा दुपारी तूर निवडता निवडता म्हणाल्या, "कुमुद, मले एकडाव डोंगराच्या डोक्यावरून चालनं आहे. चढनं नही. चालनं."

मी मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं भूगोल शिकवते आहे. चढायचं नाही, पण डोंगरमाथ्यावरून चालायचं, हा प्रश्न मला परीक्षेत घालण्यासारखा वाटला. उत्तर एकच होतं, पाळणा. रोपवे. आता जागोजागी झाले आहेत. लोक त्यातून देवीला जातात, फोटो काढतात. पण पाळण्याने वर जाऊन, वरच्या सपाट धारेवरून दिवसभर चालून, दुसऱ्या टोकाच्या पाळण्याने खाली उतरायचं, असा बेत आमच्या माहितीत कुणी केला नव्हता. शाळेतल्या एका सहकाऱ्याकडे पर्यटनाची जुनी पुस्तिका मिळाली. तिच्यात गढवालातल्या एका धारेचा नकाशा होता आणि तिच्या दोन्ही टोकांना बारीक रेघ मारून 'रोपवे' असं लिहिलेलं होतं. मधलं अंतर सात किलोमीटर, चढउतार जवळजवळ नाही. मी तो नकाशा कार्डशीटवर मोठा करून काढला, रंगवला आणि स्वयंपाकघरात फळीखाली चिकटवला.

मग रोपवेच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चार प्रश्न विचारले. पाळणा मे महिन्यात रोज चालू असतो का, वरून धारेवर चालत जाता येतं का, दुसऱ्या टोकाचा पाळणा चालू आहे का, आणि वयस्क बाईला बसताना मदत मिळते का. सहा आठवड्यांनी एक छापील कार्ड आलं. त्यावर शिक्का आणि एकच ओळ, 'सुविधा उपलब्ध आहे.' चार प्रश्नांना एक उत्तर. ते नेमकं कुठल्या प्रश्नाचं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी ते कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि चारही प्रश्न सुटले असं धरून चालले.

घरातल्यांचं वेगळंच. प्रल्हाद मुद्दाम सावद्याहून आला. मला वाटलं, आईच्या तब्येतीची काळजी आहे. तीही होती, पण बोलण्यात आधी आलं ते वेगळंच. "मामी, मे महिन्यात आई नसली तर कुरडया कोन घालीन? पापड, शेवया, बठ्ठं वाळवण पडलं आहे."

मी तोंड उघडणार, इतक्यात अक्का म्हणाल्या, "यंदा इकत आना."

आमचे हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. म्हणाले, "दोघी बायका, अनोळखी मुलूख, वर तिचा दम. तुला डोंगर दाखवायचाच असेल तर तिला महाबळेश्वरला ने. गाडी थेट वर जाते." गाडी वर जाते म्हणजे डोंगर झाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी काय बोलायचं? मला राग आला तो नकाराचा नाही. अक्का समोर बसलेल्या असताना तिला दाखवायचं, तिला न्यायचं, असं त्यांच्या डोक्यावरून बोलणं चाललं होतं, त्याचा आला. हे वाक्य मी इथे लिहून ठेवते आहे, कारण पुढे ते माझ्याच अंगावर आलं.

बूट घ्यायला गेलो तर दुकानदार अक्कांच्या नऊवारीकडे बघून हसला. "आजी, शाळेत नाव घातलं की काय?" अक्कांनी पांढरे कॅन्व्हासचे बूट पायात घातले, दुकानात चार येरझाऱ्या घातल्या आणि म्हणाल्या, "डावा दाबतो. दुसरा काढ." एप्रिलभर आम्ही पहाटे साडेपाचला पिंप्राळ्याच्या कॉलनीतून निघून शेतांच्या कडेने तासभर चालत होतो. सहा वाजताच ऊन पाठीत शिरायचं. स्कूटरवरून दूध घेऊन जाणारे मान वळवून बूट बघायचे. अक्का एकदाही थांबल्या नाहीत. थांबत होते मी.

खालचं स्टेशन

दिल्लीपर्यंतची आगगाडी आणि नंतरच्या दोन बसगाड्या याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. दशम्या आणि लसणाची चटणी दिल्लीला संपली, शेव हरिद्वारला. गावात उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि अक्कांनी शाल मागितली. मे महिन्यात शाल मागताना त्यांना स्वतःचंच हसू आलं. रात्री राजमा आणि भात खाल्ला. अक्कांचं मत, "दाना चांगला शिजला आहे, पन याले मिरची दाखवलीच नही कोनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही रोपवेच्या खिडकीशी उभ्या होतो. पाठीवर एकेक पिशवी, हातात पाण्याची बाटली, पायात बूट. मी म्हटलं, दोन तिकिटं, फक्त जायची.

आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "फक्त जायचं तिकीट नसतं. जाऊन येऊन. वर चाळीस मिनिटं. ज्या डब्यातून जाल त्याच डब्याच्या नंबरावर परत."

मी कार्ड काढून दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं. "बरोबर आहे. सुविधा उपलब्ध आहे. तीच तर सांगतोय."

"आम्हाला वर चालायचं आहे."

आता त्याने मान वर केली आणि माझ्याकडून अक्कांच्या बुटांकडे पाहिलं. "वहाँ चलने को क्या है, बहनजी? फोटो खींचिए, चाय पीजिए, आ जाइए."

मागे रांग चुळबुळ करायला लागली. अक्का म्हणाल्या, "घेऊन टाक. वर जाऊन पाहू." घेतली.

पाळणा सुटला तेव्हा मी राग विसरले, हे कबूल करते. पायाखालून देवदारांचे शेंडे मागे जात होते. घरांची पत्र्याची छपरं काडेपेटीएवढी झाली. एका वळणावर उत्तरेकडचा सगळा बर्फ एकदम समोर आला. अक्कांनी दांडी घट्ट धरली होती, पण डोळे मिटले नाहीत. डब्यातल्या एका बाईने भीतीने पदर तोंडावर घेतला, तर अक्कांनी तिचा हात धरून ठेवला. वर उतरलो. चढ नाही, दम नाही. अक्कांनी एक लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "फुकटात आलो आपुन एवढ्या उंच."

आणि मग तो कठडा. वरच्या स्टेशनाभोवती शाळेच्या पटांगणाएवढी फरशी, तिला चारी बाजूंनी तारेचं कुंपण. आत चहाचं दुकान, दुर्बीण, पहाडी पोशाख भाड्याने घालून फोटो काढून घेणाऱ्यांची गर्दी, आणि वर कर्णा. कर्णा सतत नंबर पुकारत होता. कुंपणाच्या उत्तरेला लोखंडी फाटक, त्याला कुलूप. फाटकाच्या पलीकडे ती वाट, माझ्या कार्डशीटवरची, लाल पेन्सिलीने काढलेली. ती तिथे खरोखरच होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद, हिरवळीतून सरळ गेलेली, घरच्या बागेतल्या बांधासारखी सपाट.

अक्का फाटकाला हात लावून उभ्या राहिल्या. चहा नको म्हणाल्या. फोटो नको म्हणाल्या. चाळीस मिनिटं उभ्या होत्या. आमचा नंबर पुकारला गेला. आम्ही हललो नाही तेव्हा एक कर्मचारी आला आणि अक्कांच्या दंडाला धरून म्हणाला, "चलो माताजी, टाइम हो गया." शेतात चाळीस मजुरांना कामाला लावणारी ही बाई. तिला दंडाला धरून डब्यात बसवलं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी मी फोनच्या बूथवरून घरी फोन लावला. हे म्हणाले, "वरून पाहिलं ना सगळं? मग झालं की. परत या." मी फोन ठेवून दिला. अक्का त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत.

परतीचा तुकडा

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला पाळणा खाली यायच्या आधीच, मी रीतसर अर्ज लिहून मॅनेजरांकडे गेले. अक्का बरोबर होत्या. मॅनेजर सभ्य होते, खुर्च्या दिल्या. त्यांनी सांगितलं की नियम सुरक्षेसाठी आहे. वर गेलेला प्रत्येक माणूस परत आला, हे तिकिटाच्या परतीच्या तुकड्यावरून कळतं. तुकडा आला नाही तर माणूस हरवला असं धरावं लागतं.

हे सगळं ते मला सांगत होते. अक्का शेजारीच होत्या. त्यांनी शांतपणे, आपल्या हिंदीत सांगितलं, "तो वो तुकडा अभीच ले लो. हम वापस आनेवालेच नही."

मॅनेजर माझ्याकडे बघून हसले. "यांना समजावा. परतीचा तुकडा खाली घेता येत नाही. तो वरच घ्यायचा असतो."

"मग वर घ्या," मी म्हटलं.

"वर घेतला की डब्यात बसावं लागतं."

मी भूगोल शिकवते, तर्कशास्त्र नाही, पण पृथ्वी गोल आहे हे पोरींना पटवायला मला याहून कमी वेळ लागतो. आम्ही वाद घालत असतानाच बाहेर दोन गाड्या थांबल्या. कुणा मोठ्या माणसाचं कुटुंब उतरलं. बरोबर जेवणाच्या टोपल्या, सतरंज्या, बॅडमिंटनच्या रॅकेटा. मॅनेजर आम्हाला बसवून उठले आणि त्यांना रांगेच्या पुढून घेऊन गेले. जाताना शिपायाला म्हणाले, "वरती फोन कर. उत्तरेचं फाटक उघडून ठेव म्हणावं." आमच्या समोर म्हणाले. लपवण्याची गरज त्यांना वाटली नाही, आणि मला सगळ्यात जास्त झोंबलं ते तेच.

 अक्का उठल्या, बाहेर गेल्या आणि रांगेतल्या एकेकाला आत सोडणाऱ्या लोखंडी चक्राजवळ, भिंतीला टेकून, पिशवीवर बसल्या.  कुणी वाट सोडायला सांगितलं की पाय आत घ्यायच्या आणि परत पसरायच्या. मला वाटलं, लोक विचारतील, आमच्या बाजूने उभे राहतील. एकही राहिला नाही. "आजी, रस्त्यातून सरका," एवढंच. आणि त्यात एक आमच्याच बाजूचे निघाले. नशिराबादचे, बायकामुलांसह आलेले. आमचं बोलणं ऐकून थांबले. मला धीर आला. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, कायले तमाशा करता? परक्या मुलखात खान्देशाचं नाव जाईन. दोन फोटो काढा अन् चला." आणि स्वतःचा डबा गाठायला पळाले.

अकराच्या सुमाराला अक्कांनी मला जवळ बोलावलं. "ती बाई पाह्य," म्हणाल्या. पाठीवर रिकामे दुधाचे कॅन बांधलेली एक बाई चक्राच्या बाजूच्या छोट्या दारातून आत चालली होती. "ती सकाळी पहिल्या पाळन्यानं खाली आली. भरलेले कॅन होते. मी पाह्यलं. आता रिकामे घेऊन वर जाते. मंग ती परत कवा येते?"

"उद्या सकाळी," मी म्हटलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन दिवस मी नियमांशी भांडत होते. अक्का दोन दिवस माणसं बघत होत्या.

त्या बाईचं नाव देवकी. फाटकाच्या पलीकडे धारेवर आठ घरांची वस्ती आहे आणि तिथली माणसं पास दाखवून हवं तेव्हा येतात-जातात. अक्कांनी तिला विचारलं, म्हैस आहे का गाय, दूध किती देते, वैरण कुठून आणता. दहा मिनिटांत दोघींचं असं जमलं की मी दुभाषी असूनही बाजूला पडले. मग देवकी सरळ मॅनेजरांसमोर गेली आणि म्हणाली, "ये दोनों मेरी मेहमान हैं." वस्तीच्या पाहुण्यांसाठी एक वही होती. नाव लिहायचं, सही करायची आणि जायचं. वही पहिल्यापासून त्याच टेबलावर होती. दोन दिवसांत ती आम्हाला कुणी दाखवली नव्हती.

फाटकाच्या पलीकडे

दुपारी देवकीबरोबर वर गेलो तेव्हा ते फाटक आमच्यासाठीही उघडलं. देवकीचं घर दगडाचं, छपरालाही दगडी पाट्या. खाली गाई, वर माणसं. नवरा फौजेत, घरात ती आणि सासू. चुलीपाशी बसून जेवलो. गहत म्हणून जी डाळ वाढली ती आपला कुळीथ निघाला. मंडुव्याची काळी भाकरी बघून अक्का म्हणाल्या, "ही तं नागली. आपल्या पाड्यावरची." भांगेच्या बियांची चटणी खाताना मी जरा बिचकले, अक्कांनी दोनदा मागून घेतली. आमच्याकडे पाहुणा जेवत असला की घरची बाई उभी असते. इथे सासू-सून आमच्याच ताटांशी ताटं लावून बसल्या. अक्कांनी ते लक्षात घेतलं. म्हणाल्या, "हे बेस आहे."

जेवण झाल्यावर अक्का सासूबाईंबरोबर गोठा बघायला खाली गेल्या. मी देवकीला घरून आणलेला नकाशा दाखवला आणि म्हटलं, उद्या या टोकापर्यंत चालणार आणि या दुसऱ्या पाळण्याने खाली उतरणार.

देवकीला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "वो तो आलू का है, दीदी."

दुसरा रोपवे बटाट्याचा होता. धारेवरच्या शेतांतला बटाटा खालच्या सडकेवर सोडायला दोन तारांवर लाकडी फळ्या. माणसांना तो कधीच नव्हता. त्या टोकाहून माणसं पायवाटेने उतरतात, चार तास, मधे एक ओढा.

 वहीवाल्या मॅनेजरांना मी दोन दिवस शिव्या घातल्या होत्या, पण ही चूक त्यांची नव्हती. पुस्तिकेत 'रोपवे' लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. कार्डावर सुविधा उपलब्ध होती. मला हवं होतं तेच मी वाचलं होतं. मी देवकीला म्हटलं, अक्कांना सांगू नको. तिने मान हलवली, पण तिला ते आवडलं नाही हे दिसलं. मी मनात ठरवलं, उद्या अर्ध्यापर्यंत जायचं, मग माझा पाय दुखतो म्हणायचं आणि परत फिरून इथल्याच पाळण्याने उतरायचं.

धारेवरून

सकाळी सहाला निघालो. असं चालणं मी आयुष्यात चालले नाही. दोन्ही हातांना दऱ्या, डावीकडे धुकं, उजवीकडे बर्फाची रांग, आणि पायाखाली दवाने भिजलेलं मऊ गवत. वाट कुठेच चढत नव्हती. अक्का पुढे. कासोटा घट्ट मारलेला, पांढरे बूट हिरवे झालेले, पाठीवर पिशवी. ओकच्या एका झाडाखाली थांबून त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठंच भिंत नही, कुमुद." मग परत चालायला लागल्या. त्यांच्या चालण्यात घाई नव्हती आणि थकवाही नव्हता. मी मागून बघत होते आणि पाय कुठे दुखवायचा ती जागा शोधत होते.

साडेतीन-चार किलोमीटर झाल्यावर एका सपाट खडकापाशी मी लंगडायला लागले. म्हटलं, पाय मुरगळला, फिरू या मागे.

अक्कांनी माझा पाय मांडीवर घेतला, घोटा दाबून पाहिला. "कोनता?"

"हाच."

"मघाशी डाव्यानं लंगडत होती."

मी पाय ओढून घेतला. मग सगळं सांगून टाकलं. बटाटे, चार तासांचा उतार, ओढा, देवकीला गप्प राहायला सांगितलं तेही.

 अक्का बोलल्या ते आवाज न चढवता, आणि म्हणूनच ते माझ्या अजून कानात आहे. "पोरगा लपवतो. डॉक्टर तुले सांगतो, मले नही. तो खिडकीवाला, तो साहेब, समदे तुह्याकडं पाहून बोलत होते. अन् तू बी त्यायले उत्तरं देत होती. एकदा बी म्हनली नही, अक्कालेच इचारा. भांडली माह्यासाठी, पन मले पुसून नही." आणि मग, "मले सांगाले काय झालं होतं? मी घाबरली असती तं घाबरली असती."

दोन दिवस मी ज्या रागावर जगत होते, तो सगळा उलटून माझ्यावरच आला.  मी म्हटलं, "चुकलं माझं."

"व्हय, चुकलं." त्यांनी बूट काढले, आतला खडा झटकला, परत घातले. "आता मले सांग, उतार कसा आहे. समदं सांग." मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मागे फिरलो तर पाळणा आहे आणि काही धोका नाही. पुढे गेलो तर गुडघ्यांना त्रास, आणि ओढ्यापलीकडे थोडा चढ आहे असं देवकी म्हणाली होती. किती, ते ठाऊक नाही. अक्कांनी ऐकून घेतलं. "तुह्या मनात काय आहे?"

"मला भीती वाटते. फिरावं असं वाटतं."

"बरं. आइकलं. मी पुढं जाते."

धारेच्या टोकाला बटाट्याचा तो पाळणा खरंच होता. दोन माणसं फळीवर पोती बांधत होती. आम्हाला बघून एक म्हणाला, बसा हवं तर, गावची माणसं कधी कधी बसतात. अक्कांनी फळी हलवून पाहिली, खाली दरीत पाहिलं, आणि मान हलवली. "याले धराले कडी बी नही." त्या माणसाने एक वाळकी काठी तोडून त्यांना दिली.

उतार चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलातून होता. सुया पसरलेल्या वाटेवर पाय घसरतो. अक्का तीव्र उताराच्या जागी आडव्या होऊन, खेकड्यासारख्या एकेक पाय टाकत उतरत होत्या. मी दोनदा बसकण मारली, त्यांनी एकदाही नाही. दर अर्ध्या तासाला त्या स्वतःहून बसायच्या आणि स्वतःहून उठायच्या. गुडघे सुजायला लागले होते. मी विचारलं की "दुखतं" म्हणायच्या, लपवायच्या नाहीत.

ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे चढ होता. दगडी पायऱ्या, वळण घेऊन वर गेलेल्या, शेवट दिसत नव्हता. मी त्यांचा दंड धरायला पुढे झाले.

"मले नको. पिशवी धर."

मी पिशवी घेतली. त्या पाच पायऱ्या चढायच्या आणि थांबायच्या. तोंडाने श्वास चालला होता, ओठांचा रंग उतरला होता. एका वळणावर बसल्या तेव्हा त्यांचा पदर छातीवर वरखाली होताना मला दिसत होता. मला ओरडावंसं वाटत होतं, कुणावर ते माहीत नव्हतं. आसपास माणूस नाही, घर नाही, वाऱ्याचा आवाज तेवढा. मी त्यांच्या एक पायरी खाली बसले. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांच्या बुटांकडे बघत राहिले. पंधरा मिनिटांनी बूट हलले. तसं तीनदा झालं. मग पायऱ्या संपल्या, वाट परत खाली वळली, आणि झाडांमधून सडकेवरच्या ट्रकचा भोंगा ऐकू आला.

सडकेला लागलो तेव्हा अडीच वाजले होते. वळणावर चहाचं दुकान, पुढे बसचा थांबा. अक्का बाकावर बसल्या, बूट काढले, सुजलेले पाय उन्हात पसरले. साखर जास्त घालून चहा मागवला. श्वास जागेवर आला होता. चहावाल्याने आम्ही आलो ती वाट पाहिली, त्यांचे पाय पाहिले, आणि मला विचारलं, "इनको ऊपर से कैसे लाए आप?"

मी तोंड उघडलं होतं. मिटलं, आणि अक्कांकडे पाहिलं.

अक्कांनी बशीतला चहा संपवला. "लाया नही," त्या त्याला म्हणाल्या. "मैं आई."

बस आली. पुढच्या दाराने त्या आधी चढल्या आणि खिडकीची जागा घेतली.